कान असलेलं हत्यार

"याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं?" सोजरनं विचारलं.

"तोंड नाही त्याला," मी म्हणालो. "पाना आहे तो."

खंडेनवमीची सकाळ होती. कंपनीच्या स्टोअरपुढं कांबळी अंथरली होती आणि त्यांवर आमची सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. बाकीच्या पलटणी त्या दिवशी बंदुका नि तोफा पुजतात. आमची कंपनी बॉम्ब निकामी करणारी. आमच्याकडं पुजायला पाने, पकडी, लाकडी हातोडे, दोर आणि कप्प्या. लांबून पाहिलं असतं तर कुणी म्हटलं असतं, गवंडी आणि प्लंबर मिळून सत्यनारायण घालतायत.

क्वार्टरमधल्या बायका ताटं घेऊन आल्या होत्या. सुभेदार शितोळे साहेबांनी एकेकीला एकेक पेटी वाटून दिली होती, आणि माझी पेटी अर्थातच सोजरच्या वाट्याला आली. पाना उचलून ती उन्हात फिरवून बघत होती.

"एवढा पिवळा? सोन्याचा आहे का काय?"

"नाही."

"मग?"

"ब्राँझ."

ती वाट बघत राहिली. मी आणखी काही बोलत नाही असं पाहून म्हणाली, "झालं बोलून?"

शेजारच्या कांबळ्यावर लान्सनाईक बाबू पोळेकर बसला होता. त्याला गप्प बसणं आयुष्यात कधी जमलं नाही. तो लगेच सरकत आला.

"वहिनी, मी सांगतो. याला कशाला विचारता? लोखंडानं लोखंडावर घाव घातला की ठिणगी पडते. आणि काही बॉम्ब असे असतात, की जवळ लोखंड आलं की त्यांचं डोकं फिरतं. म्हणून ही पिवळी हत्यारं. ठिणगी पडत नाही, लोहचुंबक चिकटत नाही. खड्ड्यात उतरणाऱ्यानं अंगावर टाचणीसुद्धा ठेवायची नाही. पट्ट्याचं बक्कल काढायचं, खिळ्याचे बूट काढायचे. हा सर्जा तर विजारीला नाडी बांधून जातो."

"ते माहीत आहे," सोजर म्हणाली. "नाडी मीच ओवते. कशाला ते आज कळलं."

पोळेकर खो खो हसला. मी नारळाची शेंडी सोलत बसलो.

"आणि हे एवढे दोर?"

"लांबून ओढायला," मी म्हणालो.

"किती लांबून?"

"बऱ्याच."

"वहिनी, हा हुक बॉम्बात अडकवायचा," पोळेकर म्हणाला, "दोर त्या कप्पीतून घ्यायचा, त्या दुसऱ्या कप्पीतून वळवायचा, आणि पार बांधामागं जाऊन ओढायचा. फुटला तर फुटला. आपला चहा सांडत नाही."

मग तिनं स्टेथोस्कोप उचलला.

"अगंबाई, हे डॉक्टरचं आहे की! बॉम्बला काय ताप येतो?"

या वेळी मलाही हसू आलं, पण मी ते नारळात लपवलं. पोळेकरनं सांगितलं, की जुन्या काही बॉम्बच्या फ्यूजमध्ये घड्याळ बसवलेलं असतं. ते वर्षानुवर्षं बंद पडलेलं असतं, पण धक्का लागला की कधी कधी पुन्हा चालू होतं. ते चालू आहे का बंद, हे ऐकायला हा स्टेथोस्कोप. बंद असेल तर फ्यूज काढायचा. चालू असेल तर काही काढायचं नाही, आपण निघायचं.

"म्हणजे एवढ्या सगळ्यांत कान असलेलं हत्यार हे एकच," सोजर म्हणाली.

"एकच."

"मग याला कानालाच कुंकू लावायला पाहिजे."

मी नारळ फोडायला उठलो. परत आलो तेव्हा सगळ्या हत्यारांवर कुंकवाचे ठिपके पडले होते, पेटीला झेंडूची माळ होती, आणि सोजर ओलं कुंकू माखलेलं बोट पदराला पुसत होती.

आमचं लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते. ती पारनेरकडची. गावाजवळ लष्कराचा तळ पडला होता त्या साली जन्मली, म्हणून आजोबांनी नाव ठेवलं सोजर, म्हणजे सोल्जर. दिसायला सावळी, बोलायला धीट. आणि मी घरात काही बोलायचोच नाही.

रागानं नाही. आमच्या कामाची एक रीत आहे. खड्ड्यात एकच माणूस उतरतो. त्याच्या डोक्याला टेलिफोन बांधलेला असतो आणि लांब आडोशाला दुसरा माणूस टेलिफोन कानाला लावून बसतो. खड्ड्यातल्यानं प्रत्येक गोष्ट करायच्या आधी बोलायची. आता माती झाडतो. आता किल्ली लावतो. आता डावीकडं फिरवतो. आधी बोलायचं, मग हात हलवायचा. कारण हा उडालाच, तर पुढं येणाऱ्याला कळलं पाहिजे, की काय करायचं नाही. सरावातसुद्धा दिवसभर हेच चालायचं. घरी आलो की मला वाटायचं, आता तोंडाला सुट्टी. सोजर वाढायची, मी जेवायचो. ती विचारायची, "भाजी कशी झाली?" मी म्हणायचो, "हं."

तिच्या थोरल्या भावाला, अण्णाला, हे लग्न पसंत नव्हतं. बॉम्बवाल्याला बहीण द्यायची म्हणजे तिला जिवंतपणी घोर लावायचा, असं त्यानं मांडवातच माझ्या मामाला ऐकवलं होतं. आता त्याचा निरोप आला होता. दिवाळीला न्यायला येतो. ये म्हणावं, मग पुढचं बघू.

"पुढचं बघू म्हणजे काय, कळलं ना?" सोजरनं मला विचारलं होतं.

"हं."

"मग जाऊ का?"

"जा."

भाकरी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली होती. "बघा हां," म्हणाली. "मी खरंच जाईन."

मला म्हणायचं होतं, जा पण परत ये. एवढंच चार शब्दांचं. बॉम्बशी मी तासन्‌तास बोलू शकत होतो, पण हे चार शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

तर आरती झाली, प्रसाद वाटला, आणि क्वार्टरच्या मागून एक मजूर पळत आला. तिथं पाण्याच्या टाकीचा पाया खणत होते. त्याची टिकावाची अणी मोडली होती. ती मोडकी अणी त्यानं सुभेदार साहेबांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "साहेब, खाली रांजण लागलाय. धन असंल."

धन नव्हतं. साहेब बघून आले ते तोंड एवढंसं करून. छावणी गोऱ्यांच्या काळातली. त्यांचा दारूगोळा तिथं कुठंतरी असायचा, आणि जाताना कुणी काय पुरून गेलं याचा पत्ता नव्हता. विमानातून टाकायचा मोठा बॉम्ब होता, फ्यूजसकट. आणि फ्यूज घड्याळाचा.

क्वार्टर अगदी लागून. सगळ्या बायकापोरांना उठवून चांदमारीच्या मातीच्या बांधामागं नेलं. गोळ्या अडवायला घातलेला तो बांध, आसपास तेवढाच एक आडोसा. म्हणून आमचा टेलिफोनसुद्धा तिथंच ठेवला. एका टोकाला कंपनीचे मेजर साहेब दुर्बीण घेऊन उभे, मधे पोळेकर टेलिफोन आणि कागद घेऊन, आणि पलीकडं पूजेची ताटं मांडीवर घेऊन बायका. खड्ड्यात उतरायची पाळी माझी होती.

खरं तर खंडेनवमीला पुजलेली हत्यारं त्या दिवशी वापरत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पुसून, तपासून, मगच हात लावायचा. पण बॉम्बला हे कोण सांगणार? सुभेदार साहेबांनी हत्यारांपुढं हात जोडले, "चूकभूल माफ करा" म्हणाले, आणि पेटी उचलून माझ्या हातात दिली. माळ काढायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. मी घाईघाईनं वरवर फडकं फिरवलं. स्टेथोस्कोप कानाला लावून बोटानं टकटक करून पाहिली. ऐकू आली. निघालो.

खड्डा माझ्या छातीइतका खोल होता. तळाशी बॉम्ब आडवा पडलेला, अर्धा मातीत, पाठीवर टिकावाचा ताजा ओरखडा. टेलिफोन माझ्या डोक्याला पट्ट्यानं बांधला होता. लोखंडातलं एवढं एकच नाइलाजानं बरोबर घेतलेलं, म्हणून तेसुद्धा बॉम्बपासून हातभर वर.

"पोळेकर, पोचलो."

"पोचला!" पोळेकर माझ्या कानात ओरडला.

"आता कुंच्यानं माती झाडतो."

"आता कुंच्यानं माती झाडतो!"

एरवी तो नुसतं 'लिहिलं' म्हणायचा. आज माझं वाक्यच्या वाक्य परत बोलत होता, आणि ते भाजीवाल्यासारखं.

"एवढ्या जोरात कशाला ओरडतोस?"

"लाईन खराब आहे. तू बोलत राहा."

मी बोलत राहिलो. मला खड्ड्यात बॉम्बशीच बोलायची सवय होती. म्हणजे नियमानं सगळं टेलिफोनवरच सांगायचं, पण समोर कुणी असल्यासारखं बोललं की हात थरथरत नाहीत. या बॉम्बचा रंग उडाला होता आणि अंगभर गंजाचे फोड आले होते.

"हं, म्हातारबा," मी म्हणालो. "पाठ खाजवून देतो. हलू नका."

"हं, म्हातारबा! पाठ खाजवून देतो! हलू नका!"

टेलिफोनमध्ये मागं खसखस पिकल्यासारखी वाटली.

"कोण हसतंय रे?"

"कुणी नाही. साळुंक्या आहेत."

"डाव्या बाजूची माती लाकडी पट्टीनं काढतो. म्हातारबा, अंग चोरू नका. लग्न झालंय का तुमचं? नाही ना? तरीच इतकी वर्षं निवांत पडलाय."

पोळेकरनं तेही जसंच्या तसं मोठ्यानं म्हटलं. या वेळी साळुंक्या चांगल्याच हसल्या, आणि त्यांतल्या एकीच्या बांगड्या वाजल्या. मला जरा शंका आली. पण तोवर फ्यूजचं पितळी तोंड दिसायला लागलं, आणि मग डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

"फ्यूज दिसला. आता टेलिफोन कानावरून सरकवतो आणि स्टेथोस्कोप लावतो."

"स्टेथोस्कोप लावतो!"

चकती मी फ्यूजशेजारी अलगद टेकवली. श्वास रोखला. घड्याळाचा आवाज बारीक असतो, पलीकडच्या खोलीत कुणी सुपारी कातरावी इतका. मी पुष्कळ वेळ ऐकलं. काही नाही. दुसऱ्या बाजूला टेकवून ऐकलं. काही नाही. इतकी शांतता होती की मला बरं वाटलं. मी स्टेथोस्कोप गळ्यात सोडला आणि टेलिफोन कानावर घेतला.

"शांत आहे, पोळेकर. घड्याळ बंद."

"शांत आहे! घड्याळ बंद!"

"आता फ्यूजची कडी सोडवायला घेतो. पिवळी किल्ली लावतो."

"आता फ्यूजची कडी सोडवा... अहो! अहो वहिनी! अहो, असं काय करताय, सोडा तो..."

खरखर झाली, काहीतरी आपटलं, खळकन बांगड्या वाजल्या, आणि कानात एकदम बाईचा आवाज आला.

"हात लावू नका त्याला!"

किल्ली फ्यूजपासून बोटभर लांब होती. मी तशीच धरली.

"कोण बोलतंय?"

"मी. सोजर."

"तू? तू तिथं काय करतेस?"

"ते मागनं सांगते. तुम्हाला ऐकूच येणार नाही. त्याचे कान मी भरलेत. कुंकवानं. गच्च!"

मी गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडं बघितलं.

"ऐकताय ना? का तिथंसुद्धा गप्पच?"

"ऐकतोय."

"मग बोला की! काय करताय आता?"

"हात मागं घेतोय."

"घेतला?"

"घेतला. आता स्टेथोस्कोपचे कान बघतो." मी बघितले. बाहेरून स्वच्छ होते. पण आत, डाळिंबाचा दाणा बसवावा तसं लालभडक कुंकू. एक भोक पुरतं बंद. दुसऱ्यात सुईच्या नेढ्याएवढी वाट. बोटाची टकटक त्यातून ऐकू आली होती, घड्याळ कुठून येणार? "भरलेत खरं."

"सांगितलं ना! मी काय खोटं बोलते?"

"भरलेस कशाला एवढे?"

"देवाच्या कामात हात आखडता घेतात का? ते मरू द्या. काडीनं कोरून काढा."

"काडी नाही इथं."

"हेअरपिन..."

"लोखंड चालत नाही."

"हां, हो. पेटीला माळ आहे अजून?"

"आहे."

"मग झेंडूचा देठ घ्या. सुकलेला बघून. ओला मोडतो."

मागून मेजर साहेबांचा आवाज येत होता, "ये औरत कौन है? फोन किसने दिया?" आणि सुभेदार साहेब काहीतरी समजावत होते. मी माळेतून देठ तोडला. तिला सांगत सांगत एक कान कोरला, मग दुसरा. मग तिनं सांगितलं, फुंका. मी फुंकलं, तर सगळं कुंकू माझ्याच डोळ्यांत. डोळे पुसले, घाम पुसला, आणि म्हणालो, "आता परत ऐकतो. टेलिफोन सरकवतोय. तू तिथंच थांब."

"मी कुठं जातेय?" ती म्हणाली.

चकती टेकवली. आणि लगेच ऐकू आलं. टिक, टिक, टिक. म्हातारबा टिकावाच्या घावानं जागा झाला होता आणि सकाळपासून मोजत बसला होता. मी टेलिफोन कानावर घेतला.

"सोजर."

"काय?"

"चालू आहे."

ती म्हणाली, "मग तिथं काय बसलाय? या की!"

नियम तो नियम. करायच्या आधी बोलायचं.

"आता पळतो," मी म्हणालो.

"पळतायत!" सोजर बांधामागं सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

टेलिफोन तिथंच टाकून मी पळालो. विजारीची नाडी सैल झाली होती, एका हातानं विजार धरून पळालो. बूट नव्हते, अनवाणीच होतो. बांधावरून पलीकडं उडी टाकली तो थेट मेजर साहेबांच्या पुढ्यात. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"खून! इसके कानों से खून आ रहा है! स्ट्रेचर लाओ!"

दोघांनी मला उचलून आडवा केला. तिसऱ्यानं कापूस काढला. मी म्हणत होतो, "साहेब, कुंकू आहे, कुंकू," पण धाप एवढी लागली होती की नुसतं "कूं, कूं" होत होतं. मेडिकलवाल्यानं माझा कान पुसला, कापूस नाकाशी नेला आणि गोंधळून म्हणाला, "सर, इसमें से तो पूजा की खुशबू आ रही है."

तेवढ्यात बॉम्ब फुटला.

जमीन खालून ढकलल्यासारखी हलली. बांधाची माती आमच्या अंगावर घसरली आणि आभाळातून ढेकळांचा पाऊस पडला. पोरं रडायला लागली. मग सगळं शांत झालं, आणि हळूहळू एकेक पिवळी पाकळी खाली येऊन बसायला लागली. माझी पेटी गेली. ब्राँझचे पाने, लाकडी हातोडा, माळ, सगळं. मी ज्या जागी किल्ली धरून बसलो होतो तिथं आता क्वार्टर मावेल एवढा खड्डा होता. क्वार्टरची कौलं उडाली, भिंती तेवढ्या राहिल्या. टाकीच्या ठेकेदाराचं खणण्याचं काम मात्र वाचलं.

सोजर बांधाला टेकून बसली होती. टेलिफोन अजून तिच्या हातात होता आणि ती तो सोडत नव्हती. पोळेकर म्हणत होता, "वहिनी, द्या आता, सरकारी आहे."

मेजर साहेबांनी सगळ्यांना झाडलं. हत्यारं न तपासता नेली म्हणून मला, नेऊ दिली म्हणून सुभेदार साहेबांना, टेलिफोन हातातून जाऊ दिला म्हणून पोळेकरला. मग ते सोजरपुढं येऊन उभे राहिले. हिनंच कान बंद केले होते आणि हिनंच उघडले. रागवावं का शाबासकी द्यावी, त्यांना ठरवता येईना. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी सुभेदार साहेबांकडं वळून म्हणाले, पुढच्या वर्षीपासून हत्यारांना फक्त फुलं आणि अक्षता. आणि मग पूजेतला एक नारळ उचलून त्यांनी तिच्या ओटीत टाकला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असतं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण घरी आलो आणि माझं तोंड परत मिटलं. तिनं मला वाचवलं होतं, आणि मला नुसतं "जेवू या" म्हणता आलं. दिवाळीला अण्णा आला आणि तिला घेऊन गेला. एसटीच्या खिडकीत ती बसली होती. मी खाली उभा. तिनं विचारलं, "काही सांगायचंय?" मी म्हणालो, "नीट जा." अण्णानं माझ्याकडं बघितलं आणि खिडकीची काच लावून घेतली.

वसुबारस गेली, लक्ष्मीपूजन गेलं. मी क्वार्टरमध्ये पणतीसुद्धा लावली नाही. पोळेकर फराळाचं ताट घेऊन आला. म्हणाला, "लेका, जाऊन आण तिला." मी म्हणालो, "जाऊन बोलू काय?" तो म्हणाला, "म्हातारबाशी बोलत होतास ते बोल."

पाडव्याला दुपारी मी रजेचा अर्ज द्यायला निघालो, तर समोरून सोजर येत होती. एकटी. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पिशवी.

"अण्णा?" मी विचारलं.

"भांडून आले."

"कशावरून?"

"तो म्हणाला, असल्या मुक्या माणसाबरोबर जन्म काढणार का? मी म्हटलं, मुका नाही. बोलतो. तू ऐकलं नाहीस, मी ऐकलंय." तिनं ट्रंक खाली ठेवली. "पण एक सांगते. इथून पुढं माझ्याशी बोलायचं. रोज. त्या लोखंडाशी बोलत होता तसं. काय करणार ते आधी सांगायचं, मग करायचं. कबूल असेल तर ट्रंक उचला. नाहीतर संध्याकाळची गाडी आहे."

मी ट्रंकेकडं हात नेला आणि मागं घेतला; आधी बोलायचं होतं.

"आता," मी म्हणालो, "आता ट्रंक उचलतो."

"मग?"

"मग घरी जातो. कुलूप काढतो. चहा ठेवतो."

"चहा मी ठेवीन. तुम्ही फक्त बोला," ती म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

त्यानंतर मी बोलत राहिलो. रिटायर झालो, गावाकडं घर बांधलं, मुलगी दिली, तरी आमची रीत तीच. "आता बाजारात जातो." "जा. कोथिंबीर आणा." "आता झोपतो." "झोपा." शेजारपाजारचे हसायचे. सोजर त्यांना ही सगळी हकीकत सांगायची आणि शेवटी म्हणायची, "पोळेकर भावजींचं तोंड मोठं म्हणून हे वाचले." मीसुद्धा तेच सांगायचो. पोळेकर आला की आम्ही त्याला त्या तोंडाबद्दल गोड खायला घालायचो, आणि तो मुकाट्यानं खायचा.

सोजर मागच्या मार्गशीर्षात गेली. ताप आला, अंगावर काढला, आणि गेली. पोळेकर भेटायला आला. आता त्याला नीट चालता येत नाही, नातवानं आणून सोडलं. बराच वेळ तो नुसता बसून राहिला. पोळेकर गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"सर्जा," तो शेवटी म्हणाला, "ती लाईन खराब नव्हती."

"कुठली लाईन?"

"म्हातारबाची. टेलिफोन एकदम चांगला होता. ओरडायची काही गरज नव्हती."

"मग ओरडत का होतास?"

"तू पेटी घेऊन निघालास ना, तेव्हा वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, भावजी, ते काय बोलतात ते मला जरा ऐकवता का? चार महिने झाले, मी त्यांचा आवाज नीट ऐकलेला नाही. दिवाळीला जाणार आहे. परत येईन, न येईन. त्याआधी एकदा ऐकायचाय." पोळेकरनं डोळे पुसले. "म्हणून मी तुझं सगळं जसंच्या तसं मोठ्यानं म्हणत होतो. म्हातारबाचं लग्नसुद्धा. त्या हसत होत्या. आणि तू 'घड्याळ बंद' म्हणालास, तेव्हा त्याच आधी उठल्या."

मी त्याच्यापुढं सरकून बसलो.

"एवढी वर्षं माझं तोंड मोठं, माझं तोंड मोठं म्हणून लाडू खाल्लेस, आणि हे सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? शपथ घातली होती त्यांनी. त्याच दिवशी, टेलिफोन परत देताना. म्हणाल्या, त्यांना कळू देऊ नका. उगीच फुशारतील."

पोळेकर थांबला. मी काय म्हणतो याची वाट बघत होता.

"फुशारलोच असतो," मी म्हणालो.